अण्णाचा गुडघा

आमच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची. निपाणीकडच्या जैन घरांत ही रीत अजूनही कितीतरी ठिकाणी आहे, पण आमच्या आईइतकी ती मनावर घेतलेली बाई मी दुसरी पाहिली नाही. ऊन कलायला लागलं की ती चुलीपुढे बसायची आणि भाकरी थापल्याचा आवाज परड्यापर्यंत ऐकू यायचा. तो कानावर पडला की मी आणि अण्णा चेंडू तिथंच टाकून पळत सुटायचो. ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, शेंगांची चटणी, वर ताक. सणावाराला खपली गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळातली खीर. वाऱ्याची दिशा बदलली की शेजारच्या वखारीतला तंबाखूचा वास थेट स्वयंपाकघरात शिरायचा आणि परगावच्या पाहुण्यांना ठसका लागायचा. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. आप्पा, म्हणजे आमचे वडील, जेवण झाल्यावर सोप्यात रेडिओ घेऊन बसत. आधी कानडीतल्या बातम्या ऐकायच्या, मग मराठीतल्या. "दोन्हीकडचं ऐकल्याबगार खरं काय झालंय ते कळत न्हाय," असं त्यांचं म्हणणं.

अण्णा माझा थोरला भाऊ. नाव बाहुबली, पण अंगानं तुरकाटी. तंबाखू निघून गेली की शेत मोकळं पडायचं, तेच आमचं मैदान. गावातली पोरं जमायची आणि त्यांत मी एकटी मुलगी. सुरुवातीला कुणी चेंडू द्यायचं नाही. अण्णा मात्र मुद्दाम माझ्याकडंच चेंडू ढकलायचा आणि मग तो माझ्याकडून काढून घेणं कुणाला जमायचं नाही. त्याच्याहून मी बरी खेळते हे गावातल्या पोरांना माहीत होतं, आम्हा दोघांनाही माहीत होतं. बोलत कुणी नव्हतं. बोलायचा तो अण्णाच. "पद्मीच्या पायाला चेंडू चिकटतोय," असं आईला सांगायचा. आई म्हणायची, "चिकटू दे. हात तरी धुऊन ये म्हणावं."

बेळगावात एका कारखानदारानं फुटबॉलचा व्यावसायिक क्लब काढला तेव्हा अण्णाची निवड झाली. आप्पांना इतका आनंद झाला की त्यांनी बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, अभिषेक घातला. अण्णाच्या प्रत्येक सामन्याला ते लाल बसनं बेळगावला जात, सोबत आईनं बांधून दिलेला डबा असे. पुढं लीगनं नियम केला की प्रत्येक क्लबाचा मुलींचाही संघ पाहिजे. क्लबाला मुली पाहिजेच होत्या असं नव्हे, नियम पाळायचा होता. अण्णानं घरी येऊन सांगितलं, "पद्मालाबी घेत्यात. मी बोललोय." आप्पा म्हणाले, "दोघं एका गावात ऱ्हाणार असशीला तर जा." बस्, एवढंच. आईनं माझ्या पिशवीत चटणीची बरणी घातली आणि पाठीवरून हात फिरवला.

आम्ही बेळगावातल्याच वडगावात मावशीकडं राहायला लागलो. शेजारी विणकरांची घरं. सकाळी उठल्यापासून मागांचा खटखट आवाज सुरू व्हायचा तो दिवेलागणीपर्यंत. पहिले काही दिवस मला त्यानं झोप येईना, नंतर माग बंद असले की चुकल्यासारखं वाटायचं. मावशी आईसारखीच, फक्त आवाजानं मोठी. आम्ही दमून आलो की आधी भाकरी पुढं करायची आणि मग चौकशी.

क्लबाचं मैदान गावाबाहेर होतं. खरं तर मैदानं दोन. पुढचं हिरवळीचं, पाण्याचे फवारे सोडून जपलेलं. ते पुरुषांच्या संघाचं. मागचं मुरमाचं, एका अंगाला खड्डे पडलेलं, ते आमचं. त्यांचा सराव सकाळी आणि संध्याकाळी, आमचा भर दुपारी. आमचे सामनेही दुपारीच. जर्सी त्यांच्या गेल्या हंगामाच्या. माझ्या जर्सीच्या बाह्या कोपराच्या खाली यायच्या आणि पाठीवर कुणा दुसऱ्याच्या नावाची अक्षरं उसवून काढल्याची भोकं होती. त्यांना करार होता, आम्हाला मानधन. त्यांना परगावी जायला क्लबाची बस, आम्हाला एसटी स्टँडवर भेटा म्हणून निरोप. हे सगळं मी आज असं सलग लिहिते आहे, पण तेव्हा मला ते सलग दिसत नव्हतं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की पायात खरे बूट आहेत, अंगावर नंबर आहे, आणि माझं नाव कागदावर खेळाडू म्हणून लिहिलेलं आहे. आनंद माणसाला बऱ्याच गोष्टी दिसू देत नाही.

एक गंमत सांगते. आमच्याकडं बायकाही "मी जातो, मी खेळतो" असंच बोलतात. संघात पुण्याकडच्या दोघी होत्या, त्या हसून बेजार व्हायच्या. "पद्मा, तू मुलगा आहेस का गं?" कंग्राळीची रेणुका माझी खास मैत्रीण, बचावफळीत खेळायची. ती त्यांना म्हणायची, "बोलण्यात तरी बरोबरीला हाय की आम्ही. ऱ्हाऊ दे तेवढं."

तर त्या मुरमाच्या मैदानावर एका दुपारी माझा डावा पाय खड्ड्यात अडकला आणि बाकीचं अंग पुढं गेलं. गुडघ्यातून काहीतरी सरकल्यासारखं झालं. रेणुकेनं आपली ओढणी आणून करकचून बांधली, कुणीतरी बाटलीतलं पाणी ओतलं. क्लबात फिजिओ होते. हिरवळीच्या मैदानालगत त्यांची खोली होती, पांढरी खाट होती, बर्फाची पेटी होती, सगळं होतं. रेणुका आणि मी लंगडत तिथवर गेलो. दारातच मॅनेजरनी अडवलं. बोलले अगदी गोड. "हे बघा, पुरुष माणसानं मुलींना तपासलेलं बरं दिसत नाही. उद्या तुमच्याच घरचे विचारतील. लेडी फिजिओ बघतोय आम्ही." ते किती दिवस बघत होते कुणास ठाऊक. मी असेपर्यंत त्यांना ती दिसली नाही.

बाहेरच्या डॉक्टरांनी सांगितलं, लिगामेंट तुटलेलं नाही, ताणलंय. व्यायामानं भरून येईल, पण तो रोज, नीट आणि टप्प्याटप्प्यानं करायला हवा. कुणा जाणत्याकडून करून घ्या. नाहीतर हा गुडघा पुन्हा पुन्हा दगा देईल. जाणतं माणूस हाताच्या अंतरावर होतं, पण दार बंद होतं. मी मावशीच्या माडीवर भिंतीला पाठ लावून बसले आणि घरी परत जायचं मनाशी ठरवलं. गावी काही कळवलं नव्हतं. कळवलं असतं तर आप्पा दुसऱ्याच दिवशी न्यायला आले असते.

त्या संध्याकाळी अण्णा माडीवर आला आणि माझ्यासमोर मांडी घालून बसला.

"नेमकं कुठं दुखतंय सांग."

"सांगून काय करणार हाईस?"

"सांग की गं. आतल्या अंगाला का भायेरच्या? वाकवल्यावर का सरळ केल्यावर? जिना चढताना जास्त का उतरताना?"

इतकं खोदून त्यानं आयुष्यात मला काही विचारलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. तो मान डोलावत ऐकत राहिला, जसा परीक्षेच्या आदल्या दिवशी धडा ऐकायचा. दुसऱ्या दिवसापासून तो रोज नवा व्यायाम घेऊन यायला लागला. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवायची आणि मांडी आवळून ती खाली दाबायची. पाय सरळ ठेवून उचलायचा आणि तसाच धरून ठेवायचा. एका पायावर उभं राहायचं. मागांच्या खटखटीवर आम्ही ताल धरायचो, तेवढे ठोके पाय वर. "कुणी सांगितलं तुला?" असं विचारलं तर म्हणायचा, "हाय एक वळखीचा."

मला कळलं ते रेणुकेकडून. ती मला भेटायला मावशीकडं आली आणि जिन्यावरूनच म्हणाली, "तुझ्या भावाचाबी गुडघा गेला व्हय गं? लंगडतोय बघ कसा, फिजिओच्या खोलीत रोज असतोय."

अण्णा घरी आला तेव्हा मी जिन्याच्या तोंडाशी उभी होते. तो दोन-दोन पायऱ्या टाकत वर आला, मला पाहिलं आणि थबकला.

"तुझा गुडघा कसा हाय रं?" मी विचारलं.

तो हसला. "दुखतोय की. आतल्या अंगाला. जिना उतरताना जास्त."

मला हसूही आलं आणि रडूही. मी त्याच्या दंडावर एक गुद्दा मारला. "संघातनं काढत्याल तुला!"

"न्हाय काढत. चार दिवसाचं तर हाय. तू पाय उचल आधी."

चार दिवसांचं नव्हतं ते. गुडघा भरून यायला वेळ लागतो आणि अण्णाला पुढचा टप्पा कळायचा तर त्याचा गुडघाही माझ्याच चालीनं सुधारावा लागत होता. मला सूज आली की तो लंगडायचा. मला बरं वाटलं की तोही सुधारायचा. फिजिओ सर धारवाडकडचे, कानडी माणूस, मराठी तोडकं बोलायचे. वयानं आप्पांच्या बरोबरीचे. एके दिवशी अण्णा गडबडीत त्यांच्या खोलीत शिरला तो उजव्या पायानं लंगडत. सरांनी त्याला खाटेवर बसवलं आणि दार लावून घेतलं.

"याव कालु?" त्यांनी विचारलं. "डावा की उजवा, आधी ठरव. मग मी बघतो."

अण्णानं आपल्या दोन्ही पायांकडं पाहिलं.

"तुझा गुडघा चांगला आहे हे मला पहिल्या दिवशीच कळलंय," सर म्हणाले. "वाटलं, सराव चुकवतोय पोरगा. पण सराव चुकवणारा असलं लक्ष देऊन शिकत नाही. दुखतंय कुणाचं?"

अण्णानं सांगितलं.  सर उठून थेट मॅनेजरकडं गेले, अण्णाचं नाव न काढता बोलले आणि परत येऊन म्हणाले, "उद्या बहिणीला आण. मी हात लावणार नाही, तोंडानं सांगेन. दार उघडं ठेवून. त्याला तर कुणाची हरकत नाही ना?"

मी गेले. दार सताड उघडं होतं, समोरून माळी ये-जा करत होता. सर खुर्ची लांब घेऊन बसले आणि तिथून सांगत राहिले, "घोटा आत नको. हां. आता हळू." त्यांचा आवाज इतका मऊ होता की मला घरी असल्यासारखं वाटलं. तिसऱ्या दिवशी मी आले तर दारात रेणुका उभी. तिचा घोटा कितीतरी दिवस सुजत होता, माझ्याशीसुद्धा ती बोलली नव्हती. तिच्यामागं आमची गोलकीपर, दोन बोटं स्वतःच पट्टीनं बांधलेली. तिच्यामागं त्या पुण्याच्या दोघी. प्रत्येकीचं काही ना काही दुखत होतं आणि प्रत्येकीनं ते मोज्याखाली, बाहीखाली झाकून ठेवलं होतं, कारण दुखतंय म्हटलं तर बसवतील. सरांनी त्या रांगेकडं पाहिलं आणि चष्मा काढून पुसला. "या," म्हणाले, "एकेक या."

माझा गुडघा असा भरून आला. अण्णाच्या जागी मात्र तोवर दुसरा मुलगा खेळायला लागला होता आणि बरा खेळत होता. प्रशिक्षकांच्या लेखी बाहुबली म्हणजे गुडघ्याचं जुनं दुखणं असलेला खेळाडू. हंगाम संपायच्या आतच त्याला सांगण्यात आलं की करार पुढं चालू राहणार नाही. सर म्हणाले, मी प्रशिक्षकांना खरं काय ते सांगतो. अण्णानं त्यांना हात जोडले. "नको सर. मग तुमच्यावर येईल. आन पोरींचं दार बंद होईल."

त्यानं मला हे मावशीच्या माडीवर सांगितलं. शेजारचे माग चालू होते, त्यामुळं त्याला थोडं मोठ्यानं बोलावं लागत होतं आणि असली गोष्ट मोठ्यानं सांगणं त्याला अवघड जात होतं. मी रडायला लागले तर म्हणाला, "गप गं. माझा खेळ मला ठावं हाय. तुझाबी ठावं हाय."

सुट्टीला आम्ही दोघं गावी गेलो. बेळगावातून बातमी आमच्या आधी पोचली होती, पण ती अण्णाच्या गुडघ्याची. माझ्या गुडघ्याबद्दल कुणाला काहीच माहीत नव्हतं. जेवणं झाली. ऊन अजून सोप्याच्या कठड्यावर होतं. आमच्या घरात लसूण चालत नाही, म्हणून आईनं नुसत्या ओव्याचं तेल कोमट करून वाटीत आणलं आणि आप्पा अण्णासमोर बसले. त्यांनी अण्णाचा डावा पाय मांडीवर घेतला आणि चोळायला सुरुवात केली. मोठे, शेतात राबून खरबरीत झालेले हात, पण किती हलके. "इथं दुखतंय का रं? इथं?" अण्णा "व्हय आप्पा" म्हणत होता आणि खांबाकडं बघत होता. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी आप्पा चोळता चोळता म्हणाले, "लेकराचा खेळ गेला," आणि त्यांचा आवाज फाटला. त्यांना मी तसं कधी पाहिलं नव्हतं.

माझ्याच्यानं राहवलं नाही. मी पुढं होऊन त्यांच्यासमोर बसले, परकर गुडघ्यापर्यंत सारला आणि पाय पुढं केला.

"आप्पा, त्यो न्हवं. ह्यो."

अण्णा म्हणाला, "पद्मे, गप." पण मी गप्प बसले नाही. खड्डा, ओढणी, बंद दार, टॉवेलची गुंडाळी, उजव्या पायानं लंगडणं, सगळं सांगितलं. मध्ये एकदा आईला हसू आलं आणि लगेच तिनं पदर डोळ्यांना लावला. आप्पांचा हात वाटीवर तसाच राहिला होता.

"हिरवळीवर तुमी खेळतच न्हाईसा?" त्यांनी शेवटी विचारलं.

"न्हाई. अण्णाचीच टीम."

"आन तुमी मुरमावर. दुपारचं."

"व्हय."

"मला सांगितलं न्हाईस कधी."

"तुमी इचारलं न्हाईसा," मी म्हणाले. रागानं नाही. खरंच रागानं नाही.

 आप्पांनी वाटीतलं तेल तळव्यावर घेतलं आणि मी लहान असताना चोळायचे तसा माझा गुडघा चोळायला लागले. "इथं?" त्यांनी विचारलं. "जरा आतल्या अंगाला," मी सांगितलं. अण्णा खांबाला टेकून बसला आणि त्यानं डोळे मिटून घेतले. त्या दिवशी रेडिओ लावायचा राहून गेला.

मी खेळायला परत उभी राहिले तो सामना नेहमीसारखाच दुपारचा होता, आमच्याच मुरमाच्या मैदानावर. आप्पा आणि अण्णा गावाकडून आले. आप्पांचं क्लबात येणं नवं नव्हतं, पण मागच्या मैदानावर ते पहिल्यांदाच येत होते. बघणारी माणसं मूठभर, तीही कडेच्या बाभळीच्या सावलीला. आमच्या राखीव मुली जमिनीवरच बसलेल्या, पाय पोळू नयेत म्हणून पिशव्यांवर. आप्पा रेषेपलीकडं छत्री उघडून उभे राहिले. मी पहिल्यांदा चेंडू घेऊन त्यांच्या बाजूनं पळाले तेव्हा ओझरतं त्यांच्याकडं पाहिलं. ते ओरडत नव्हते, टाळ्या वाजवत नव्हते. नुसते बघत होते, जसं उभ्या पिकाकडं बघावं तसं.

मध्यंतराच्या थोडं आधी पाहिलं तर छत्री अण्णाच्या हातात होती आणि आप्पा दिसत नव्हते. ऊन सोसलं नसेल असं मला वाटलं. तेवढ्यात ते हिरवळीच्या मैदानाकडून येताना दिसले. तिथं संध्याकाळच्या पुरुषांच्या सामन्यासाठी मांडव घालून खुर्च्या मांडून ठेवलेल्या असत. आप्पांच्या दोन्ही हातांत दोन प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या आणि मागून राखणदार धावत येत होता.

"ओ आप्पा! आप्पा! त्या खुर्च्या मॅचच्या हायत!"

आप्पा थांबले, वळले. राखणदार त्यांना वर्षभर ओळखत होता, अण्णाच्या सामन्यांना रामराम घालायचा. आप्पा शांतपणे म्हणाले,

"मॅच हिकडं चाललीय की रं."

आणि त्यांनी त्या खुर्च्या आणून आमच्या राखीव मुलींपाशी ठेवल्या. "बसा गं लेकींनो," म्हणाले आणि पुन्हा वळून चालायला लागले, आणखी आणायला. अण्णानं छत्री मिटून जमिनीवर ठेवली आणि तोही त्यांच्या मागं गेला.  राखणदारानं डोक्यावरची टोपी मागं सारली आणि तोही निघाला.

तो सामना बरोबरीत सुटला. पुढं कितीतरी वर्षं मी खेळले, दुसऱ्या क्लबांकडूनही, आणि चांगलं मैदान मला क्वचितच मिळालं. आज मी ज्या मुलींना शिकवते त्या अजूनही दुपारच्या उन्हात खेळतात. अण्णानं निपाणीत पंपांचं दुकान घातलं, ते चांगलं चाललंय. त्या दिवसांबद्दल तो बोलत नाही. पण त्या दुपारी मध्यंतराची शिट्टी वाजली तेव्हा मी मैदानाच्या मधोमध उभी होते, घामानं डोळे चुरचुरत होते, आणि समोरून आमचे आप्पा, आमचा अण्णा आणि तो राखणदार, तिघंही हातात खुर्च्या घेऊन, मुरमावरून एकामागं एक चालत येत होते.